नळ झाला स्मार्ट, पण पाणी कुठाय?

लाँग वीकेंड आला की आपल्या पिढीपुढे दोन गहन प्रश्न उभे राहतात. एक, कोकण की महाबळेश्वर? आणि दोन, झाडांना पाणी कोण घालणार? पहिल्याचं उत्तर ऑफिसच्या ग्रुपवर पाच मिनिटांत मिळतं. दुसऱ्यासाठी मात्र शेजारच्या काकूंच्या दारात किल्ली घेऊन, चेहरा शक्य तितका गरीब करून उभं राहावं लागतं. काकू "अगं, घालीन की, त्यात काय!" म्हणतात खरं. पण तिसऱ्या वीकेंडला त्या 'की'चा सूर जरा बदललेला असतो. चौथ्यांदा विचारायची आपलीच हिंमत होत नाही.

त्यात आमचं रावेत म्हणजे बाल्कनीवाल्यांचं गाव. बास्केट ब्रिजवरून येताना मान वर करून बघा. एकेका टॉवरला शंभर-शंभर बाल्कन्या, आणि दर दुसऱ्या बाल्कनीत मनीप्लांट, मोगरा, नाहीतर लॉकडाऊनमध्ये हौसेने लावलेला टोमॅटो. घरमालक मात्र सकाळी हिंजवडीला किंवा चाकणला जातो आणि परततो तेव्हा त्याला स्वतःलाच पाणी द्यायची वेळ आलेली असते. अशा मंडळींसाठी सध्या एक खेळणं फार गाजतंय. नळाला लावायचा ॲपवाला टायमर!

हे प्रकरण आहे तरी काय?

आकाराने साधारण मोठ्या डब्याएवढं. एक तोंड नळाला, दुसरं पाइपला. आत एक व्हॉल्व्ह आणि दोन-चार पेन्सिल सेल. तुम्ही ॲपवर वेळ टाकायची, म्हणजे रोज सकाळी सात वाजता दहा मिनिटं वगैरे. ठरल्या वेळी आतला सोलेनॉइड एक छोटासा झटका घेतो, व्हॉल्व्ह उघडतो. वेळ संपली की दुसरा झटका, व्हॉल्व्ह बंद. मधल्या वेळात करंट लागतच नाही, म्हणून सेल महिनोन् महिने टिकतात. टायमर एका छोट्या हबशी बोलतो, हब तुमच्या वायफायशी, आणि वायफाय तुमच्या फोनशी. म्हणजे तुम्ही गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावरून रावेतच्या मोगऱ्याला पाणी पाजू शकता. ऐकायला भारीच वाटतं ना?

भारी आहेच. माझ्या बाल्कनीतल्या बारा कुंड्यांना हल्ली हेच यंत्र पाणी घालतं. पण लावण्याआधी आठवडाभर मी घरीच बसून त्याची परीक्षा घेतली, आणि ध्यानात आलं की डब्यावरची माहिती लिहिणाऱ्याने आपली पाण्याची टाकी पाहिलेलीच नाही! हे टायमर मुळात युरोप-अमेरिकेतल्या बागांसाठी जन्मले. तिथे नळ सोडला की पाणी येतं, चोवीस तास, आणि जोरात. आपल्याकडे नळ सोडला की आधी प्रश्न येतो, 'आज आपला दिवस आहे का?'

आधी बादली, मग बुकिंग

म्हणून ऑर्डर करण्यापूर्वी एक बादली घ्या आणि फोनवर स्टॉपवॉच लावा. माझ्या नळाने दहा लिटरची बादली ७५ सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला आठ लिटर. पाइप हातात धरून, कानात गाणी लावून रमतगमत दहा मिनिटं पाणी घातलं तर ८० लिटर! त्यातलं निम्मं कुंडीखालून निघून खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. आता हेच ठिबकने मोजा. ताशी दोन लिटरचा एक ड्रिपर, पंधरा मिनिटं चालला तर अर्धा लिटर. बारा कुंड्यांचे झाले सहा लिटर. तेव्हा नुसता टायमर घेऊन उपयोग नाही, त्याला ठिबकची जोड हवीच. ठिबकची नळी आणि ड्रिपर आपल्याकडे शेतीच्या सामानाच्या दुकानात सहज मिळतात. ज्या राज्याच्या जळगावात ठिबकचा एवढा मोठा उद्योग उभा राहिला, तिथे बाल्कनीपुरत्या किटसाठी परदेशी पार्सलची वाट कशाला बघायची?

दुसरी गोष्ट प्रेशरची. गच्चीवरच्या टाकीपासून दहा मीटर खाली आलात की साधारण एक बार प्रेशर मिळतं. स्वस्तातल्या बऱ्याच टायमरमध्ये रबरी पडद्याचा व्हॉल्व्ह असतो आणि त्याला उघडायला-मिटायला पाण्याचा रेटा लागतो. तुम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असाल तर टाकी डोक्यावर तीन-चार मीटरच असते. मग व्हॉल्व्ह धड उघडत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे धड मिटत नाही. अशांनी बॉल व्हॉल्व्हचा टायमर घ्यावा. त्यात छोटी मोटर चेंडू फिरवते, प्रेशर लागत नाही. डब्यावर 'किमान प्रेशर' लिहिलेलं असतं, ते वाचा. शून्य लिहिलं असेल तर उत्तम. खालच्या मजल्यांवर उलटी तऱ्हा. तिथे प्रेशर एवढं असतं की ठिबकचे जोड फटाफट निसटतात. तिथे प्रेशर कमी करणारा छोटा रेग्युलेटर लावा.

तिसरी गोष्ट आट्यांची. आपला नळ बहुतेक अर्धा इंची, टायमरचं तोंड पाऊण इंची. अमेरिकन टायमरच्या आटे तर आपल्या फिटिंगला बसतच नाहीत, कितीही टेप गुंडाळा. प्लंबरला टायमर दाखवून मगच जोड आणायला सांगा.

ॲप म्हणतं 'झालं', कुंडी म्हणते 'कधी?'

आता खरी गंमत. आमच्या सोसायटीत पाणी ठरावीक तासांनाच सोडतात. सुट्टीच्या दिवशी वेळ बदलते, उन्हाळ्यात टँकर उशिरा आला की आणखी बदलते. परीक्षेच्या आठवड्यात मी मुद्दाम पहाटे पाचची वेळ लावली. पाचला टायमरने इमानेइतबारे व्हॉल्व्ह उघडला, दहा मिनिटांनी मिटला आणि फोनवर हिरवी टिकमार्क आली, 'पाणी घालून झालं'. बाल्कनीत मात्र नळ कोरडा, माती कोरडी, आणि मोगरा माझ्याकडे बघतोय!

यंत्र खोटं बोललं का? नाही हो. व्हॉल्व्ह उघडणं एवढंच त्याचं काम होतं, ते त्याने केलं. पाणी आलं की नाही हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. ज्या टायमरमध्ये पाणी मोजणारा फ्लो मीटर असतो, तो मात्र 'आज शून्य लिटर' असं सांगतो. दोन्हींच्या किमतीत फरक आहे, पण माझ्या मते पैसे मोजायचे ते याच गोष्टीसाठी. हुकूम कुणीही सोडतं. हुकमाचं पुढे काय झालं ते कळवणारा हवा.

आणि हे शहाणपण आपल्या मातीत केव्हाच रुजलंय बरं का. शेतीला वीज पाळीपाळीने येते, कधी दिवसा तर कधी भर रात्री. म्हणून पिढ्यान् पिढ्या शेतकरी कंदील नाहीतर बॅटरी घेऊन, विंचूकाट्यातून दारं धरायला जात आले. मोटरपाशी पोहोचावं तर वीज गेलेली. पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी याच दुखण्यावर 'नॅनो गणेश' हे यंत्र काढलं. पंपाच्या स्टार्टरला जोडायचं आणि साध्या मोबाइलवरून पंप चालू-बंद करायचा. २००९ मध्ये नोकियाच्या इनोव्हेशन स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं, आपल्या हातात स्मार्टफोन रुळण्याच्याही आधी! त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे शेतकऱ्याला घरबसल्या हेही कळतं, की पंपाला वीज आहे का. म्हणजे चक्कर मारायची ती उगाच नाही.

याच्या अगदी उलटं उदाहरणही शेतातच आहे. वीज आली की पंप आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच. वीज आली, पंप चालू. पिकाला गरज असो नसो. आणि साऱ्या शिवारातले पंप एकदम सुरू झाले की रोहित्रावर ताण येऊन ते जळण्याची भीती, म्हणून महावितरण वर्षानुवर्षे शेतकऱ्यांना ऑटो स्विच काढायला सांगतं. आपला फ्लो मीटर नसलेला टायमर या ऑटो स्विचचाच शहरी चुलतभाऊ. दिसायला जरा गोरागोमटा, एवढंच.

रावेतकरांनी तरी...

तुम्ही म्हणाल, बारा कुंड्यांसाठी एवढा विचार? पण रावेतमध्ये राहून पाण्याचा हिशेब टाळणं जरा अवघडच आहे. पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीतून वाहत येतं ते इथल्याच बंधाऱ्यापाशी. इथून महापालिका ते उचलते, निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध करते आणि शहरभर पोहोचवते. म्हणजे शहराची तहान भागते ती आपल्या पत्त्यावरून! तरीही नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणी सुरू झालं आणि पुढे धरण कितीदा भरलं तरी ती सवय अंगवळणी पडली. पाणी धरणातून थेट बंद पाइपने आणायच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. नदीच आटली तर शेताला काय, हा त्यांचा प्रश्न. ९ ऑगस्ट २०११ रोजी एक्स्प्रेस वेवर बऊरजवळच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. लोणावळ्याला जाताना आपण त्याच रस्त्याने, गाणी लावून जातो.

मला कुणाला अपराधी वाटायला लावायचं नाहीये. झाडं लावा, जरूर लावा. फक्त ८० लिटर आणि सहा लिटर यांतला फरक आपल्या बाल्कनीपुरता नाही, एवढंच म्हणायचंय.

तर मग लावायचा कसा?

टायमर घेणारच असाल, तर माझ्या आठवडाभराच्या परीक्षेतून निघालेला हा मसाला.

वेळ पहाटेची नको. सोसायटीच्या पाण्याच्या वेळेच्या बरोबर मधली ठेवा. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं पाइपातली हवा आणि गढूळ पाणी येतं.

नळाऐवजी ड्रममधून पाणी देता आलं तर सर्वांत छान. स्टुलावर वीस लिटरचा ड्रम आणि त्याला शून्य प्रेशरवर चालणारा टायमर. सेल संपून व्हॉल्व्ह उघडाच राहिला, तरी जाऊन जाणार ते वीस लिटर. अख्खी टाकी नाही.

सेल नवे घालूनच गावाला जा. आणि टायमरला आपलं वेळापत्रक स्वतःच्या पोटात साठवता येतं का, ते आधी विचारा. गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाइट गेली, राउटर झोपला, तरी मोगरा उपाशी राहायला नको.

'पाऊस असेल तर पाणी बंद' ही सोय गच्चीवाल्यांसाठी वरदान आहे. पण तुमची बाल्कनी झाकलेली असेल तर ती बंदच करा. बाहेर धो धो पाऊस, ॲप खुशीत, आणि आतली तुळस सुकलेली, असं व्हायचं.

आरओचं वाया जाणारं पाणी रोज कुंडीत नको, त्यात क्षार जास्त. एसीचं पाणी खुशाल घाला.

आणि शेवटचं. आठवड्यातून एकदा मातीत बोट घाला. दोन पेरं आत ओल लागली तर त्या दिवशीची पाळी रद्द करा. टायमरला घड्याळ कळतं, तहान कळत नाही. जास्वंद आणि कोरफड या दोघींना एकाच वेळी एकसारखं पाणी देण्याचा समभाव फक्त यंत्राकडेच असतो. कोरफड त्यात कुजते.

राहता राहिल्या शेजारच्या काकू. टायमर लागला म्हणून त्यांना रिटायर करू नका. किल्ली द्याच. फक्त या वेळी "पाणी घाला" असं म्हणायचं नाही, "एकदा नजर टाकाल का?" असं विचारायचं. फ्लो मीटर कितीही महागाचा घ्या, कुंडी बघून "अगं, तुझ्या मोगऱ्याला कळी आलीये!" असा फोन करण्याचं फीचर फक्त काकूंमध्येच असतं. आणि हो, येताना त्यांच्यासाठी कोकणातनं आमसुलं आणायला विसरू नका!