ड्रोन रेवदंड्यात, चोरी उघाडीवर: पेण-रोह्याच्या खाडीतली मासळी राखायची कुणी?

पावसाळा तोंडावर आला की दरवर्षी एकच बातमी छापून येते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, नियम मोडला तर कारवाई. ही बातमी खरी आहे आणि महत्त्वाचीही आहे. पण पेण आणि रोहा तालुक्यातल्या माणसाला तिचा उपयोग किती? आपल्याकडे खोल समुद्र नाही. आपल्याकडे आहेत खाड्या आणि नद्या. पेणला भोगावती, नागोठण्याहून खाली येऊन धरमतर खाडीला मिळणारी अंबा आणि रोह्याहून रेवदंड्याकडे जाणारी कुंडलिका. आपली मासळी इथे जन्मते, इथेच वाढते आणि बऱ्याचदा इथेच चोरली जाते.

समुद्रावरचा पहारा वाढला आहे, हे मान्य करायला हवं. 9 जानेवारी 2025 पासून राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने 720 किलोमीटरच्या किनाऱ्यावर ड्रोनने नजर ठेवायला सुरुवात केली. एकूण नऊ ठिकाणं, त्यातली दोन रायगडात: रेवदंडा आणि श्रीवर्धन. त्याआधी 2021 मध्ये 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात बदल झाला आणि दंड एकदम वाढले. एलईडी दिवे लावून किंवा बुल ट्रॉलिंगने मासेमारी केली तर 5 लाखांपासून 20 लाखांपर्यंत दंड. पर्ससीनचे नियम मोडले तर 1 लाख ते 6 लाख. पूर्वी दंडाचा निकाल तहसीलदारांकडे लागायचा, तो अधिकार आता मत्स्यव्यवसाय विभागाच्याच अधिकाऱ्यांकडे आला. म्हणजे पकडणारा आणि निकाल देणारा एकाच खात्याचा झाला, फाईल दोन कचेऱ्यांत फिरायची बंद झाली.

पण हे सगळं मोठ्या नौकांसाठी. खाडीच्या आतली चोरी ड्रोनच्या नजरेत बसणारी नाही. ती होते रात्री, होडीशिवाय, आणि बहुतेक वेळा एका उघाडीवर.

उघाडीवरचं जाळं

खारेपाटातल्या वाचकाला उघाडी म्हणजे काय ते सांगायला नको. बाहेरकाठ्याच्या आत साचलेलं पाणी ओहोटीला बाहेर जावं आणि भरतीचं खारं पाणी आत येऊ नये, म्हणून बांधलेली ती दारं. भरतीबरोबर कोळंबीची पिल्लं, बोईट, जिताड्याचं बी खाडीच्या फाट्यांत आणि खाजणात शिरतं. ओहोटीला ते परत निघतं. नेमकं त्याच तोंडावर मच्छरदाणीसारखं बारीक जाळं आडवं लावलं की लहान-मोठं काहीच सुटत नाही. मोठी मासळी बाजारात जाते. बोटाएवढं पिल्लू सुकटीत जातं किंवा बांधावर फेकलं जातं.

काही ठिकाणी तर आत मासळी यावी म्हणून उघाडीची दारंच अडकवून उघडी ठेवली जातात. तेव्हा हा प्रश्न मासळीपुरता राहत नाही, भातशेतीचा होतो. शेतात एकदा खारं पाणी शिरलं की त्या सालचं पीक गेलंच, पुढची काही वर्षंही उतारा धड येत नाही. एका रात्रीच्या टोपलीभर मासळीसाठी शेजारच्या दहा जणांची जमीन नासते.

ही चोरी कधी होते ते आपल्या जुन्या माणसांना तोंडपाठ आहे. भरतीची वेळ काढायचं कोळ्यांचं गणित सोपं आहे: तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. पौर्णिमेचे पंधरा धरले तर पंचेचाळीस भागिले चार, म्हणजे सव्वा अकरा. खाडीच्या आत भरती थोडी उशिरा पोचते. म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सगळ्यात वर चढतं ते मध्यरात्रीच्या सुमाराला आणि ओहोटी लागते ती पहाटेपर्यंत. सगळ्यात जास्त पाणी, सगळ्यात जास्त मासळी आणि सगळा गाव झोपलेला. कचेरी उघडते दहा वाजता. तोवर जाळंही गेलेलं असतं आणि मासळीही.

जिताडा का घटतो

पेण-अलिबागच्या खारेपाटाची ओळख म्हणजे जिताडा. घराजवळच्या तळ्यात जिताडा पाळायचा आणि पाहुणा आला की काढायचा, ही आपली जुनी रीत. त्याचं बी आपण पिढ्यान्‌पिढ्या खाडीतून आणलं.

या माशाची एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. जिताडा लहानपणी नर असतो. काही वर्षं वाढून चांगला मोठा झाला की त्यातले बरेच मासे मादी होतात. म्हणजे अंडी देणारी मादी हवी असेल तर माशाला मोठं होऊ द्यावंच लागतं. पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी त्याची वीण होते आणि पिल्लं आत उथळ पाण्यात येतात. बारीक जाळ्यात ही पिल्लं संपली तर आजची मासळी जातेच, वर पाच वर्षांनी अंडी घालणारी मादीही जाते. चेन्नईच्या सीबा या केंद्रीय संस्थेने 1997 मध्ये हॅचरीत जिताड्याचं बी तयार करून दाखवलं, पण ते पैसे मोजून आणावं लागतं. खाडी ते फुकट देत होती.

लहान मासा सोडला तर फायदा कोणाला, असं विचारणारे बरेच आहेत. उत्तर केरळात सापडतं. तिथे कमीत कमी किती लांबीचा मासा पकडायचा याचा नियम आपल्या आधी आला. त्यानंतर राणी माशाचं उत्पादन वाढल्याचं कोचीच्या सीएमएफआरआय संस्थेच्या अभ्यासात दिसलं. आपल्या राज्यानेही 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान आकार ठरवला. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180 मिलिमीटर, सुरमई 370 मिलिमीटर. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. पण हा नियम किती मच्छी बाजारांत लावलेला दिसतो? गिऱ्हाईकाने बोटाएवढं पापलेट घेतलं नाही, तर विकणाराही आणणार नाही.

नदीतलं विष

वरच्या अंगाला, गोड्या पाण्यात चोरीची तऱ्हा वेगळी. उन्हाळ्यात डोहात पाणी कमी झालं की ब्लिचिंग पावडर किंवा कीटकनाशक टाकायचं, बॅटरीचा करंट सोडायचा, नाहीतर जिलेटिनचा बार उडवायचा. 1960 च्या महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय कायद्याने विष आणि स्फोटकं वापरून मासे मारायला मनाई आहे. त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की त्याच डोहातून खालच्या वाडीचं पाणी भरलं जातं आणि गुरं पितात.

इथे एक सावधगिरी हवी. मेलेली मासळी दिसली म्हणजे विषच टाकलं असं नाही. रोह्याच्या वाचकांना धाटावची औद्योगिक वसाहत आणि कुंडलिकेचं पाणी याबद्दल वेगळं सांगायला नको. एका डोहातलीच मासळी मेली आणि आजूबाजूला पावडरीचा वास असेल तर संशय माणसावर. लांबवर पट्ट्यात मासळी मेली, पाण्याला रंग किंवा फेस आला, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायचं. स्वच्छ बाटलीत पाणी भरून ठेवा, पण मंडळाच्या माणसाने स्वतः नमुना घ्यावा असा आग्रह धरा. पुढे टिकतो तो त्यांचाच नमुना.

चोर कोण, पोटासाठी मारणारा कोण

तक्रार करण्याआधी हा फरक समजायलाच हवा. पावसाळी बंदी यांत्रिक नौकांना आहे. बिगरयांत्रिक होडीने, पागेराने खाडीत मासे मारणाऱ्या कोळी-आगरी माणसाला ती लागू नाही. पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरणारा कातकरी हा चोर नव्हे. संशय आला की पहिलं बोट मात्र कातकरीवाडीकडे जातं, कारण तिथून उलट उत्तर यायची भीती नसते. हे बरोबर नाही. रात्रभर उघाडीवर जाळं बांधायला भांडवल लागतं, माल उचलायला सकाळी टेम्पो लागतो. बघायचं असेल तर टेम्पो कोणाचा ते बघा.

म्हणून कोणाचंही जाळं आपण कापायचं नाही, हाणामारी करायची नाही, आणि नाव-चेहऱ्यासकट व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा नाही. त्याने चोर सावध होतो आणि केस उलट आपल्यावर येते.

तक्रार कुठे, कशी

चालू चोरी दिसली तर 112. खाडीत किंवा समुद्रात संशयास्पद नौका दिसली तर सागरी पोलिसांचा टोल फ्री क्रमांक 1093. पेणच्या खाडीपट्ट्यात दादर सागरी पोलीस ठाणं आहे. स्फोटकं किंवा विष असेल तर थेट जवळचं पोलीस ठाणं. जाळी, परवाने आणि नौकांची लेखी तक्रार अलिबागला मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहाय्यक आयुक्तांकडे. उघाडीची दारं छेडली असतील तर त्याची प्रत पेणच्या खारभूमी विभागाला. 1979 चा खारजमीन कायदा त्यांच्यासाठीच आहे.

अर्जात काय लिहायचं? ‘‘आमच्याकडे अवैध मासेमारी चालते’’ एवढ्यावर कोणी हलत नाही. तारीख, तिथी, वेळ, उघाडीचं किंवा डोहाचं नाव, जाळ्याचा प्रकार, होडीचा किंवा गाडीचा नंबर, दोन-तीन फोटो. मोबाईलमध्ये लोकेशन चालू ठेवून फोटो काढला तर जागा वेगळी सिद्ध करावी लागत नाही. पोच घ्या. महिन्याभरात काही झालं नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा: या अर्जावर काय कारवाई केली?

खरी अडचण अर्ज लिहिण्याची नाही, सही करण्याची आहे. चोर बहुधा ओळखीतला असतो, कधी भावकीतला. एकट्याने सही केली की उद्या बांधावर भांडण. म्हणून सही एकट्याची नकोच. मच्छीमार सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या, नाहीतर ग्रामसभेचा ठराव घ्या: आमच्या हद्दीतल्या उघाड्यांवर बारीक जाळं लावायचं नाही, आणि उधाणाच्या रात्री खात्याने व पोलिसांनी गस्त घालावी. महिन्यात दोनच उधाणं असतात. तिथी पंचांगात छापलेल्या असतात, कचेरीला रोज रात्री जागं राहायची गरज नाही.

एकत्र आणि कागदावर लढल्याने काय होतं हे शेजारच्या उरणने दाखवलं. बंदर आणि भरावामुळे मासेमारी गेली म्हणून तिथले पारंपरिक मच्छीमार पुण्याच्या हरित लवादात गेले. फेब्रुवारी 2015 मध्ये लवादाने 1,630 कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसीला दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण समोर एवढी मोठी नावं असताना छोट्या मच्छीमाराचं म्हणणं कागदावर टिकलं.

आपली लढाई त्यामानाने लहान आहे. समोर कंपनी नाही, एक टेम्पो आणि चार जाळी आहेत. मत्स्यव्यवसाय विभागाने दोन्ही तालुक्यांसाठी उधाणाच्या रात्रींची गस्त जाहीर करावी आणि किमान आकाराचे फलक पेण, वडखळ, नागोठणे, रोह्याच्या मच्छी बाजारात लावावेत, ही मागणी रास्त आहे. गावाने आपल्या वाट्याचं एक काम करावं: पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत उघाडीचा विषय घालायला सांगावं. त्याला खर्च एका अर्जाचा.