पुणे कराराचे विस्मृत कलम

१/ पुणे करार म्हटला की येरवडा, उपोषण आणि १४८ राखीव जागा एवढेच सांगितले जाते. त्या जागांवरचा उमेदवार कोणी ठरवायचा, हा कळीचा प्रश्न मात्र बाजूला पडतो. त्याचे उत्तर कराराच्या दुसऱ्या कलमात आहे.

२/ २४ सप्टेंबर १९३२ च्या या करारात चक्क प्राथमिक निवडणूक होती. राखीव जागेसाठी अस्पृश्य मतदारांनी आधी वेगळे मतदान करून चार उमेदवार निवडायचे. मग त्या चौघांतून एक सर्व मतदारांनी. मध्य प्रांताला अशा २० जागा मिळाल्या. बीबी ज्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, तो वऱ्हाडासह याच प्रांताला जोडलेला होता.

३/ मेख इथेच होती. समाजाने चौथ्या क्रमांकावर ठेवलेला उमेदवार सवर्ण मतांच्या बळावर आमदार होऊ शकत होता आणि पहिला घरी बसू शकत होता.

४/ १९४६ मध्ये हेच दिसले. प्राथमिक फेरीत ठिकठिकाणी आघाडीवर असलेले शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन अंतिम निवडणुकीत जवळजवळ पुसले गेले.

५/ ‘संयुक्त मतदारसंघाने ऐक्य राखले’, हा युक्तिवाद नेहमीचाच. पण ज्या ऐक्यात दुर्बलाचा कौल शेवटी सबळानेच तपासायचा, त्याला पालकत्व म्हणावे.

६/ तुलनेसाठी अमेरिकेतील साउथ कॅरोलिना. तेथील डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत निम्म्याहून अधिक मतदार कृष्णवर्णीय असतात. म्हणून अध्यक्षपदाचे इच्छुक कृष्णवर्णीय महापौर, नगरसेवक, राज्य विधिमंडळ सदस्यांचे उंबरठे झिजवतात. २०२० मध्ये खासदार जिम क्लायबर्न यांनी २६ फेब्रुवारीला बायडन यांना पाठिंबा दिला. २९ तारखेला बायडन तिथे जिंकले. तेथे स्थानिक प्रतिनिधीच्या शब्दाला किंमत आहे, कारण त्याच्या मतदारांचा कौल त्या फेरीत अंतिम ठरतो.

७/ आपल्याकडे ती अर्धीमुर्धी फेरीही उरली नाही. करारातच तिची मुदत दहा वर्षे होती. संविधानात राखीव जागा आल्या, प्राथमिक निवडणूक आली नाही. मेहकर विधानसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने गावोगावी दलित सरपंच आणि पंचायत सदस्य निवडून आणले. प्रचारात ते पुढे असतात. तिकीट मात्र पक्षश्रेष्ठी देतात.

८/ जागा राखीव झाली, निवड राखीव झाली नाही. १९३२ चा वाद याच फरकावर होता आणि तो मिटलेला नाही. पुणे कराराचे गोडवे गाणाऱ्यांनी आणि त्याला शिव्या देणाऱ्यांनीही आधी दुसरे कलम वाचावे.