गोष्ट संपली, दुकान उघडेच

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतील कुटुंब प्रबोधनाच्या बैठकीत एका तरुण गृहस्थाने साधा प्रश्न विचारला. जुन्या पुस्तकांच्या प्रदर्शनात त्याला डिस्नेच्या परीकथांच्या डीव्हीडींचा एक गठ्ठा दिसला होता. मूळ चित्रपट त्यात दोनच. बाकी सगळे 'भाग दोन' नि 'भाग तीन'. "काका, मुलगी सात वर्षांची आहे. घ्यावे का हे?" प्रश्न पुरा होण्यापूर्वीच उत्तरे आली. एक ज्येष्ठ म्हणाले, "परदेशी आहे ना? मग नकोच." दुसरे म्हणाले, "त्यापेक्षा हनुमानाची डीव्हीडी आणा, संस्कार तरी होतील." आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळली.

मला ही दोन्ही उत्तरे पटली नाहीत. त्या तरुणाने विचारलेला प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही, आणि ज्यांनी तो निकालात काढला त्यांनी तो ऐकलाच नव्हता.

'परदेशी म्हणून नको' हे पहिले उत्तर घेऊ. अनंत पै यांनी १९६७ साली 'अमर चित्रकथा' सुरू केली. या मालेचे पहिले दहा अंक कोणते होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. ते पाश्चात्त्य परीकथांचे होते, सिंड्रेलासुद्धा त्यांत होती. अकरावा अंक 'कृष्ण'. ज्या मालेने आपल्या दोन पिढ्यांना राम, कृष्ण, शिवाजी महाराज आणि राणा प्रताप चित्रांतून दाखविले, ती या दहा पायऱ्या चढून आली. त्याही आधी विष्णुशर्म्याचे पंचतंत्र पहलवीत गेले, तेथून अरबीत, आणि तेथून युरोपच्या घराघरांत. गोष्टींना पारपत्र लागत नाही. सिंड्रेलेसारखी कथा चीनमध्ये नवव्या शतकात लिहून ठेवलेली सापडते. फ्रान्समध्ये पेरोने ती १६९७ साली छापली. तेव्हा आक्षेप घ्यायचा तर गोष्टीच्या जन्मगावावर घेऊन भागणार नाही. या 'भाग दोन'वाल्या मालाची जात काय आहे ते पाहावे लागेल.

हा माल कसा तयार झाला? १९९२ साली 'अल्लादीन' जगभर गाजला. १९९४ मध्ये डिस्नेने त्याचा उत्तरभाग काढला, पण चित्रपटगृहांत नव्हे. थेट व्हिडिओ कॅसेटवर. मुळात तो दूरचित्रवाणी मालिकेच्या आरंभीच्या भागांसाठी तयार होत होता. मूळ चित्रपटात जिनीला आवाज देणारा रॉबिन विल्यम्स त्यात नव्हता, चित्रांत ती सफाई नव्हती, खर्च मूळ चित्रपटाच्या तुलनेत किरकोळ होता. तरी एक कोटीहून अधिक कॅसेट खपल्या. व्यापाऱ्याला यापुढे काय शिकवावे लागते? मग रांगच लागली. १९९७ आणि १९९८ मध्ये 'ब्यूटी अँड द बीस्ट'ची दोन पिल्ले आली, १९९८ मध्ये 'लायन किंग' आणि 'पोकाहाँटस', २००० मध्ये 'लिटल मरमेड', २००२ मध्ये 'सिंड्रेला'. हा 'सिंड्रेला २' म्हणजे एक गोष्टही नाही. तीन फुटकळ प्रसंग एका धाग्यात ओवलेले. 'अटलांटिस'चा २००३ मधील उत्तरभाग तर बंद पडलेल्या एका मालिकेचे तुकडे जोडून बनविला होता. शिंप्याकडच्या चिंध्यांची गोधडी शिवणे यात पाप नाही, पण ती पैठणीच्या पेटीत घालून विकणे याला काय म्हणावे?

पेटीचा उल्लेख मुद्दाम केला. डिस्ने आपले जुने चित्रपट काही वर्षे बाजारातून काढून घेत असे आणि मग वाजतगाजत पुन्हा आणत असे. या पद्धतीला 'तिजोरी' असेच नाव होते. परिणाम असा की, दुकानात गेलेल्या आईबापांना मूळ 'सिंड्रेला' मिळेलच याचा भरवसा नसे. फळीवर असे तिचा दुसरा भाग. वेष्टनावर तोच चेहरा, तोच निळा झगा. खरी गोष्ट कुलपात आणि तिची पुरवणी फळीवर, असा हा सौदा. आता तिजोरी उघडली आहे, कॅसेटी गेल्या, तबकड्याही जवळपास गेल्या. पण ओटीटीच्या पडद्यावर गोष्ट संपते न संपते तोच दहा-पाच सेकंद मोजली जातात आणि दुसरे काहीतरी आपोआप सुरू होते. दुकानात निदान बापाला खिशात हात घालावा लागे. येथे मुलाने नुसते बसून राहणे पुरेसे असते.

परंतु माझी खरी तक्रार पैशाची नाही. आपण मुलांना खेळण्यांवर, वाढदिवसांवर याहून कितीतरी अधिक उधळतो. तक्रार आहे ती गोष्टीचा शेवट मोडण्याबद्दल.

हान्स अँडरसनची जलपरी १८३७ सालची. राजपुत्रासाठी ती आपला आवाज देते, प्रत्येक पावलागणिक सुऱ्या टोचाव्यात तशा वेदना सोसते, आणि तो दुसरीशी विवाह करतो. त्याला मारलेस तर तू वाचशील, असे बहिणी सांगतात. ती सुरी समुद्रात फेकून देते आणि विरघळून जाते. सात वर्षांच्या मुलीला ही गोष्ट सांगावी की नाही यावर वाद होऊ शकतो. डिस्नेने १९८९ मध्ये तिचे लग्न लावून दिले. ठीक आहे, बालकांसाठी तेवढी सवलत आपणही देतो. पण २००० सालच्या दुसऱ्या भागात काय होते? जलपरीला मुलगी होते. पहिल्या भागातील चेटकीण मेली, म्हणून तिची बहीण अवतरते. तिला आवाजही त्याच अभिनेत्रीचा. आईला जमिनीचे वेड होते, लेकीला समुद्राचे. पुन्हा मोह, पुन्हा करार, पुन्हा सुटका. पहिल्या वेळी आवाज गमावून जे शहाणपण आले, ते या घराण्यात कोणाच्याच उपयोगी पडले नाही असे दिसते. किंमत मोजून मिळालेली गोष्ट फुकट झाली.

याहून वाईट उदाहरण 'मुलान'चे आहे, आणि आपल्या घरांनी ते नीट समजून घेतले पाहिजे. मुलान ही चीनच्या जुन्या पोवाड्यातील मुलगी. वृद्ध पित्याला सैन्यात जावे लागू नये म्हणून ती पुरुषवेशात त्याच्या जागी युद्धावर जाते, वर्षानुवर्षे लढते, आणि सम्राट मोठे पद देऊ करतो तेव्हा ते नाकारून घरी परत येते. पितृभक्ती, कर्तव्य आणि निरिच्छता. ही कथा आपल्या कोणत्याही आजीला समजावून सांगावी लागणार नाही. १९९८ च्या चित्रपटात विनोदी ड्रॅगनची भर पडली तरी तो कणा शाबूत राहिला. आता २००४ चा दुसरा भाग पाहा. मंगोलांविरुद्ध दोन राज्यांची युती व्हावी म्हणून तीन राजकन्यांचे विवाह ठरले आहेत आणि त्यांना पोहोचविण्याचे काम मुलानकडे आहे. वाटेत त्या तिघी रक्षक सैनिकांच्या प्रेमात पडतात. मुलान त्यांना सांगते की, मनाचे ऐका. कर्तव्य म्हणजे आपल्या मनाशी असलेले कर्तव्य, एवढाच अर्थ मग उरतो.

मुलींचा राजकारणासाठी सौदा करावा असे मी म्हणत नाही. कोणी म्हणू नये. पेच खरा होता. एकीकडे तीन मुलींचे आयुष्य, दुसरीकडे शत्रूच्या वाटेवर असलेली प्रजा. चांगल्या लेखकाला यातून मोठी गोष्ट लिहिता आली असती. येथे काय होते? तो बोलका ड्रॅगन देवमूर्तीच्या आड लपून देवाचा आवाज काढतो आणि विवाह रद्द करवितो. देवाच्या नावाने थाप मारली आणि प्रश्न मिटला! ज्या मुलीने पित्यासाठी प्राण पणाला लावले तिच्याच नावाने हे विकले गेले. मूळ कथेवर टीका करणारी स्वतंत्र कथा कोणी लिहिली असती तर मी तिचे स्वागत केले असते. येथे मूळ कथेची पुण्याई वापरून तिच्याच विरुद्ध साक्ष दिली आहे.

यावर एक बिनतोड वाटणारा प्रतिप्रश्न येईल, आणि तो आपल्याच माणसांकडून यावा. अहो, आपल्याकडे उत्तरकथा नाहीत काय? आहेत. आणि त्यांतील सर्वश्रेष्ठ नाटक आपल्या विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीने आठव्या शतकात लिहिले. आधी 'महावीरचरित', मग 'उत्तररामचरित'. म्हणजे हाही 'भाग दोन'च. आणि दुसरा भाग पहिल्यापेक्षा श्रेष्ठ. भवभूतीने शेवटही बदलला. वाल्मीकींची सीता भूमीत जाते, भवभूती राम आणि सीतेचे पुनर्मीलन घडवितो. मग आम्ही डिस्नेलाच का दोष द्यावा?

नाटकाचा पहिला अंक आठवा. राम आणि सीता आपल्याच गत आयुष्याची चित्रे पाहत आहेत. वनवास, विरह, सारे डोळ्यांपुढून जाते आणि त्याच अंकात सीतात्यागाचा प्रसंग येतो. मागचे सारे ओझे घेऊन पुढची गोष्ट चालू लागते. ते पुनर्मीलन राम बारा वर्षे जळून मिळवितो. तिसऱ्या अंकात सीता जवळ असून त्याला दिसत नाही, आणि तो आपल्या अपराधाने मूर्च्छित होतो. गोष्ट पुढे न्यायची तर अशी न्यावी. 'भाग दोन'ला माझा विरोध नाही. मागच्या भागात काही घडलेच नव्हते असे समजणाऱ्या 'भाग दोन'ला आहे.

गंमत अशी की, या धंद्याचा फोलपणा त्या कंपनीच्या संस्थापकाला ठाऊक होता. वॉल्ट डिस्नेचा 'थ्री लिटल पिग्ज' १९३३ मध्ये तुफान चालला. लोकांनी आणखी डुकरे मागितली, त्याने उत्तरभाग काढले, आणि पहिल्याची सर कशालाच आली नाही. डुकरांवर डुकरांनी मात करता येत नाही, असा धडा तो पुढे सांगत असे. २००६ मध्ये पिक्सार डिस्नेकडे आल्यावर जॉन लॅसेटर अॅनिमेशन विभागाचा प्रमुख झाला आणि २००७ मध्ये हे उत्तरभाग थांबविण्याचा निर्णय झाला. 'पिनोकिओ' आणि 'डंबो' यांचे उत्तरभाग तयारीत होते, तेही गुंडाळले गेले. ज्या घराने माल बनविला त्याच घराने तो बंद करावा आणि आम्ही मात त्याचा गठ्ठा संस्कारासाठी घरी न्यावा! अर्थात, पुढे टिंकर बेल या परीच्या चित्रपटांची मालिका काही वर्षे चाललीच. बाहुल्या खपत होत्या. तो स्टुडिओ अखेर २०१८ मध्ये बंद झाला.

न्याय म्हणून सांगतो, २००७ चा 'सिंड्रेला ३' याला अपवाद आहे. सावत्र आई जादूची कांडी पळवून काळच मागे फिरविते, आणि सिंड्रेलाला परीच्या मदतीवाचून, स्वतःच्या धैर्याने सर्व पुन्हा मिळवावे लागते. तो एक भाग मी कोणाच्याही हातातून काढून घेणार नाही.

आता दुसऱ्या उत्तराकडे येतो. 'हनुमानाची डीव्हीडी आणा.' कोणत्या हनुमानाची? २००५ चा व्ही. जी. सामंत यांचा 'हनुमान' मुलांनी डोक्यावर घेतला आणि ते योग्यच झाले. मग दोनच वर्षांनी, २००७ मध्ये, 'रिटर्न ऑफ हनुमान' आला. त्यात अंजनीसुत मारुती नावाचा शाळकरी मुलगा होऊन पृथ्वीवर येतो आणि देवलोक म्हणजे विनोदी कार्यालय. हे 'अल्लादीन'च्या पुरवणीहून वेगळे काय आहे? चित्रपटगृहात लागला एवढेच. त्या वेळी आपल्यापैकी कितीजणांनी भुवई उंचावली? वेष्टनावर गदा दिसली आणि आम्ही खरेदी केली. 'छोटा भीम' २००८ पासून पोगो वाहिनीवर आला. लाडू खाऊन बळ मिळविणारा ढोलकपूरचा हा मुलगा गोड आहे, निरुपद्रवी आहे, पण त्याचा महाभारताशी संबंध नावापुरता. तो दाखवून 'मुलाला भीम कळला' असे समाधान मानणारे पालक मी पाहिले आहेत. आपल्या देवतांच्या नावाचा माल म्हणजे आपला माल, ही समजूत जोवर आहे तोवर कोणताही व्यापारी आपल्याला सहज गंडवील.

ग्राहक जागा असेल तर काय होते याचा दाखला त्या अल्लादीनच्याच प्रकरणात आहे. मूळ चित्रपटाच्या आरंभीच्या गीतातील काही शब्द अपमानास्पद आहेत, असा आक्षेप अमेरिकेतील अरब वंशाच्या नागरिकांच्या संघटनेने घेतला. १९९३ मध्ये चित्रपट घरगुती व्हिडिओवर आला तेव्हा कंपनीने ते शब्द बदललेले होते. त्यांनी चित्रपट पाहिला, शब्द ऐकले आणि नेमके बोट ठेवले. 'परदेशी आहे, नको' म्हणून उठून गेले नाहीत.

आमचा इतिहास या बाबतीत सरळ नाही. जपानचे युगो साको रामायणावर अॅनिमेशनपट काढू इच्छितात ही बातमी १९८३ च्या सुमारास विपर्यस्त स्वरूपात छापून आली, तेव्हा विश्व हिंदू परिषदेने दिल्लीतील जपानी वकिलातीकडे निषेधाचे पत्र पाठविले होते; परकीयाने आमच्या रामायणाला हात लावू नये म्हणून. पुढे गैरसमज दूर झाला. साको यांनी राम मोहन यांच्यासह तो चित्रपट १९९२ मध्ये पूर्ण केला. २४ जानेवारी २०२५ रोजी तो भारतातील चित्रपटगृहांत लागला, तेव्हा मी शेजारच्या दोन मुलांना घेऊन गेलो होतो. सेतू बांधणारी वानरसेना पाहताना त्यांचे खाणे हातातच राहिले होते.

त्या तरुण गृहस्थाला मी बैठकीनंतर जिन्यात गाठले. गठ्ठ्यातील दोन मूळ चित्रपट आणि मिळाला तर तो 'सिंड्रेला ३' घे, बाकी तेथेच ठेव, असे सांगितले. साकोंचे रामायण शोध, असेही. त्याने विचारले, "आणि मुलीने विचारले, पुढे काय झाले, तर?" मी म्हटले, तिलाच विचार, तुला काय वाटते. परवा भेटला तेव्हा सांगत होता, तिच्या जलपरीने आवाज परत मागितलेला नाही. ती खुणांनी बोलते आणि समुद्रातल्या सगळ्यांना ती भाषा शिकविते.