चाकांवरचे घर आणि कायद्याचा उंबरठा

सॅन फ्रान्सिस्को हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील शहर जगातील धनाढ्य शहरांत गणले जाते. यंत्रविद्येच्या नव्या युगाने तेथे अपरिमित संपत्ती आणून ओतली. त्याच शहराच्या नगरमंडळाने जुलै २०२५ मध्ये एक नियम मंजूर केला. बावीस फुटांहून लांब किंवा सात फुटांहून उंच असलेले वाहन शहरातील रस्त्यावर दोन तासांपेक्षा अधिक काळ उभे करता येणार नाही, असा तो नियम होय. वरवर पाहता हा रहदारीचा साधा नियम वाटेल. परंतु त्याचा रोख वाहनांवर नसून वाहनांत राहणाऱ्या माणसांवर होता, हे कोणी लपवूनही ठेवले नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यातील गणतीत अशी चारशेहून अधिक मोठी वाहने शहराच्या रस्त्यांवर आढळली होती. त्या गणतीत सापडलेल्यांना काही महिन्यांची तात्पुरती सवलत, घर शोधण्यास साहाय्य आणि वाहन सोडून देण्याबद्दल काही रक्कम देऊ करण्यात आली. गणतीच्या वेळी जे सापडले नाहीत त्यांच्यासाठी मात्र दोन तासांची मर्यादा. ज्याचे घरच चाकांवर आहे त्याला शहराने दिलेला हा संदेश स्पष्ट आहे : चालत राहा, कोठेही थांबू नका.

चाकांवरच्या या संसाराला अमेरिकेत दोन मुखे आहेत आणि ती एकमेकांकडे पाहत नाहीत. पहिले मुख हौशी प्रवाशाचे. निवृत्त झालेले जोडपे राहते घर विकते, स्वयंपाकघर, शय्या आणि स्नानगृह असलेली प्रशस्त गाडी घेते आणि उन्हाळ्यात उत्तरेकडे, हिवाळ्यात दक्षिणेकडे असा ऋतुमानाप्रमाणे प्रवास करीत राहते. तरुण मंडळी संगणकावरचे काम गाडीतूनच करतात आणि सूर्यास्ताची छायाचित्रे जगाला दाखवितात. या जीवनाला शासनाने आणि कायद्याने पुष्कळच सोयी करून दिल्या आहेत. संघ सरकारच्या भूव्यवस्थापन विभागाच्या बहुतेक मोकळ्या जमिनींवर एका जागी चौदा दिवस विनामूल्य मुक्काम करता येतो. ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्ट्झसाइटच्या आसपास तर ठरावीक शुल्क भरून सप्टेंबर ते एप्रिल असे सात महिने राहता येते. साउथ डाकोटा राज्यात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती आणि टपाल स्वीकारणाऱ्या संस्थेचा पत्ता एवढ्या आधारावर वाहनचालकाचा परवाना मिळू शकतो. हजारो पूर्णवेळ प्रवासी अशा रीतीने त्या राज्याचे कागदोपत्री रहिवासी झाले आहेत. त्यांच्या मतांचा प्रभाव वाढेल अशी शंका येताच २०२३ साली त्या राज्याने मतदारनोंदणीसाठी तीस दिवसांच्या प्रत्यक्ष वास्तव्याची अट घातली, हेही येथे नमूद केले पाहिजे. वाहनाच्या नोंदणीचे उत्पन्न हवे, पण मत नको, असा हा व्यवहार आहे.

दुसरे मुख निरुपायाचे. २००८ च्या आर्थिक संकटात ज्यांची घरे आणि आयुष्याची पुंजी गेली, ज्यांचे निवृत्तिवेतन घरभाड्यालाही पुरेना, अशा वृद्ध स्त्रीपुरुषांनी जुन्या गाड्यांत बिऱ्हाड थाटले. जेसिका ब्रूडर या पत्रकार महिलेने त्यांच्यामध्ये राहून त्यांची हकिकत लिहिली. ‘नोमॅडलँड’ हे तिचे पुस्तक २०१७ साली प्रसिद्ध झाले. वयाची साठी-सत्तरी गाठलेली ही माणसे शरद ऋतूत बीटच्या सुगीला जात, उन्हाळ्यात उद्यानांतील तळांवर झाडलोट करीत आणि नाताळच्या हंगामात गोदामांत मैलोगणती पायपीट करून मालाची खोकी भरीत. ॲमेझॉनसारख्या बलाढ्य कंपनीने तर अशा फिरस्त्या कामगारांच्या भरतीसाठी स्वतंत्र योजनाच चालविली होती. ज्या मजुराला घर द्यावे लागत नाही, जो हंगाम संपताच आपणहून निघून जातो, त्याच्याहून सोयीचा मजूर मालकाला दुसरा कोणता मिळणार ? या पुस्तकावरील चित्रपटाला २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. प्रेक्षागृहात त्या जीवनाबद्दल डोळे ओले झाले. रस्त्यावर मात्र त्याच गाड्या उचलून नेणारी याऱ्यांची वाहने धावतच राहिली.

इतिहास पाहिला तर ही विसंगती नवी नाही. १९३० नंतरच्या दशकात अवर्षण आणि धुळीची वादळे यांनी उजाड झालेल्या मध्य अमेरिकेतून हजारो शेतकरी मोडक्या मोटारींवर संसार लादून कॅलिफोर्नियाकडे निघाले. तेव्हा १९३६ साली लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाने आपले शिपाई थेट राज्याच्या सीमेवर पाठवून निर्धन आगंतुकांना परत फिरविण्याचा उद्योग आरंभिला. निर्धन मनुष्याला राज्यात आणणे हा गुन्हा ठरविणारा कॅलिफोर्नियाचा कायदा शेवटी १९४१ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. त्या वेळी न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात, नागरिकाचे हक्क त्याच्याजवळच्या मालमत्तेवरून ठरू नयेत, असा आशय मांडला होता. या स्थलांतरितांची व्यथा जॉन स्टाइनबेक यांनी १९३९ साली आपल्या कादंबरीत चित्रित केली. तेच स्टाइनबेक १९६० साली शय्या व स्वयंपाकाची सोय असलेल्या मालमोटारीतून कुत्र्याला सोबत घेऊन देशपर्यटनास निघाले आणि त्या प्रवासाचे पुस्तक कमालीचे लोकप्रिय झाले. एकाच लेखकाच्या हयातीत चाकांवरचे घर हे दैन्याचेही चिन्ह होते आणि स्वातंत्र्याचेही. फरक खिशातील पैशाचा होता; कायद्याची नजरही त्या पैशाप्रमाणेच बदलत आली.

अलीकडच्या निकालांतूनही हाच झगडा दिसतो. वाहनाचा निवासासाठी वापर करू नये, असा लॉस एंजेलिस शहराचा जुना नियम होता. २०१४ साली संघीय अपील न्यायालयाने तो अतिसंदिग्ध म्हणून रद्दबातल ठरविला. गाडीत पांघरूण किंवा खाद्यपदार्थ बाळगणारा कोणीही त्या नियमाच्या कचाट्यात सापडू शकत होता; पकडला जाई तो मात्र बेघर मनुष्यच, हे न्यायालयाच्या ध्यानात आले. २०२१ साली वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे सिअ‍ॅटल शहरातील एका कारागिराचे प्रकरण आले. तो आपल्या मालमोटारीत राहत असे. गाडी बिघडल्यामुळे ती ठरावीक तासांपलीकडे एका जागी उभी राहिली आणि शहराने ती उचलून नेली. त्या गाडीतच त्याच्या कामाची हत्यारे होती. गाडी परत मिळविण्यासाठी त्याच्यावर पाचशे डॉलरांहून अधिक भुर्दंड बसला. ती गाडी कायद्याच्या दृष्टीने त्याचे घरच आहे आणि त्याची ऐपत न पाहता लादलेली ही वसुली अवाजवी दंड ठरते, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. माणुसकी आणि कायदा यांचा असा मेळ क्वचितच पाहावयास मिळतो.

परंतु २८ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास या ओरेगॉन राज्यातील लहान शहराच्या प्रकरणात सहा विरुद्ध तीन मतांनी वेगळी दिशा दाखविली. सार्वजनिक जागी मुक्काम करून झोपणाऱ्यांना शिक्षा करणे ही घटनेने निषिद्ध मानलेली क्रूर शिक्षा नव्हे, असे बहुमताने ठरले. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी विरोधी मत नोंदविताना झोप ही शरीराची गरज आहे, गुन्हा नव्हे, याकडे लक्ष वेधले. या निकालानंतर अनेक शहरांचे हात मोकळे झाले. सॅन फ्रान्सिस्कोचा नियम हे त्याच बदललेल्या वाऱ्याचे फळ आहे.

येथे नागरिकांच्या गाऱ्हाण्यांची उपेक्षा करून चालणार नाही. आपल्या दारासमोर महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीतून सांडपाणी गटारात वाहू लागले, गॅसच्या टाकीने पेट घेण्याचे भय निर्माण झाले, पदपथावर सामानाचा ढीग पडला, तर सामान्य गृहस्थाने तक्रार करू नये असे कोण म्हणेल ? रस्ता सर्वांचा आहे. तो कोणा एकाची वसाहत होऊ शकत नाही. त्याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. आमचा आक्षेप उपायाविषयी आहे. गाडीत राहणाऱ्या निर्धनाजवळ ती गाडी हीच शेवटची मालमत्ता असते. कामावर जाण्याचे साधन तीच, हत्यारांचे कोठार तीच, रात्रीचे छप्परही तीच. ती जप्त केली की कालपर्यंत कामावर जाणारा मनुष्य आज पदपथावर येतो आणि त्याला पुन्हा उभा करण्याचा खर्च शेवटी त्याच शहराच्या तिजोरीवर पडतो. म्हणजे हा उपाय निर्दय तर आहेच, शिवाय आतबट्ट्याचाही आहे.

याहून बरा मार्ग अज्ञात आहे असेही नाही. कॅलिफोर्नियातीलच सांता बार्बरा येथे २००४ पासून चर्चची आणि सार्वजनिक मालकीची वाहनतळे रात्रीच्या मुक्कामासाठी ठरावीक लोकांना उपलब्ध करून देण्याची योजना चालू झाली. सकाळी जागा मोकळी करावयाची, स्वच्छता पाळावयाची आणि दरम्यान समाजसेवकांच्या मदतीने घर मिळविण्याचा प्रयत्न करावयाचा, अशी तिची साधी रीत. सॅन फ्रान्सिस्कोनेही २०२२ साली कँडलस्टिक पॉइंट येथे असा तळ उघडला होता. पण विजेची धड सोय होईना, खर्च बेसुमार वाढला आणि २०२५ मध्ये तो बंद करण्यात आला. एक प्रयोग अव्यवस्थेमुळे फसला म्हणून तत्त्वच चुकीचे ठरत नाही. तळ बंद करावयाचा आणि काही महिन्यांतच रस्त्यावर थांबण्यासही मनाई करावयाची, या क्रमाला धोरण म्हणता येत नाही. मूळ रोग घरभाड्याचा आहे. मिळकतीपेक्षा भाडे वेगाने वाढते, पुरेशी घरे बांधली जात नाहीत आणि मग माणसे चाकांचा आश्रय घेतात. चाके दृष्टिआड केल्याने भाडे कमी होत नाही.

हे सारे सातासमुद्रांपलीकडचे आहे, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो काय ? आपल्याकडे पालावर आणि गाढवांच्या पाठीवर पिढ्यान्‌पिढ्या संसार वाहणाऱ्या जमातींना ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरविले. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला. संशयाची नजर मात्र रद्द झाली नाही. पत्ता नाही म्हणून शिधापत्रिका नाही, शिधापत्रिका नाही म्हणून दाखला नाही आणि दाखला नाही म्हणून मुलाच्या शिक्षणाची सवलत नाही, या दुष्टचक्राकडे भटक्या-विमुक्तांच्या आयोगांनी आणि कार्यकर्त्यांनी वारंवार बोट दाखविले आहे. याच महाराष्ट्राने २०२१ साली पर्यटकांच्या सुखसोयींनी युक्त गाड्यांसाठी कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. त्या धोरणाला आमचा विरोध नाही. परंतु हौशी प्रवाशाच्या चाकांवरच्या घरासाठी ज्या शासनाला वाहनतळ, पाणी आणि वीज यांचा विचार सुचतो, त्याला गावकुसाबाहेरच्या पालासाठीही तो सुचावयास हवा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

नागरिकत्व माणसाला असते, भिंतींना नव्हे. ज्याच्या दाराला क्रमांक नाही त्याचीही नोंद व्हावी, त्याला रात्री निर्धास्तपणे पाठ टेकता यावी आणि त्याच्या मुलाला शाळेत नाव घालता यावे, ही कोणत्याही सुसंस्कृत राज्याची किमान जबाबदारी आहे. श्रीमंताची भटकंती ती हौस आणि गरिबाची ती गुन्हा, असा भेद जोवर कायदा करील, तोवर त्याने समतेची भाषा बोलू नये.