भुंकणाऱ्या कुत्र्याचा धनी

भुंकणे हा कुत्र्याचा स्वभावधर्मच होय. पेडणे-डिचोलीकडील कुळागरांत माकडे व चोर यांना पळवून लावण्यासाठी तर ते मुद्दाम पाळले जाते. परंतु आखूड साखळीने बांधलेले एकाकी कुत्रे रात्रभर आक्रोश करीत असेल आणि शेजारचा दहावीचा विद्यार्थी पुस्तक मिटून कानांवर उशी घेत असेल, तर तेथे दोष धन्याचा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायदा याविषयी मुका आहे, हा समज खरा नव्हे. जनावरापासून माणसास इजा पोचण्याचा संभव असता जो त्याचा बंदोबस्त करीत नाही, त्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र नुसत्या भुंकण्यासाठी संहितेत वेगळे कलम नाही. सबंध वाड्यास त्रास झाला तर तो सार्वजनिक उपद्रव ठरू शकेल. एकट्या शेजाऱ्याची झोप मोडली तर त्याने दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी! कुत्र्याच्या भुंकण्यासाठी वकील कोण लावणार?

मग संतापाच्या भरात कोणी विषाचा घास टाकतो. हा मार्ग अमानुष आहेच, शिवाय कलम ३२५ अन्वये त्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. निष्काळजी धनी मात्र सुखाने झोपतो.

भटक्या कुत्र्यांची गोष्ट निराळी. २०२३ च्या नियमांनुसार त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करविणे हे पंचायत-पालिकांचे काम आहे. ते होऊ शकते, याला गोवाच साक्षी आहे. येथे घरोघर व रस्तोरस्ती कुत्र्यांना लस टोचण्यात आली, शाळांतून मुलांना शिकविण्यात आले. आणि तीन वर्षांत माणसांत रेबीजचा एकही रुग्ण आढळला नाही, अशी घोषणा २०२१ साली मुख्यमंत्र्यांनी केली. लाठीने जे साधले नसते, ते सुईने व चिकाटीने साधले.

तीच चिकाटी भुंकण्याच्या तक्रारींस का लाभू नये? पंचायतीने पाळीव कुत्र्यांची नोंद ठेवावी, तक्रार येताच दोन्ही शेजाऱ्यांस बोलावून घ्यावे, साखळी लांब करावयास व रात्री कुत्रे आत घ्यावयास सांगावे. एवढ्यासाठी नवा कायदा नको. येत्या ग्रामसभेत कोणी पालकाने हा विषय मांडला तरी पुरे.