आधी विचारा, ब्राउझर कुठे चालतोय?

"सर्व्हरला नेट आहे, टर्मिनलला नाही" असं कुणी म्हणालं की आपली मंडळी लगेच आयपीटेबल्सचे नियम चिकटवायला बसतात. अहो, पण खऱ्या थिन क्लायंटमध्ये ब्राउझर चालतो सर्व्हरवर! टर्मिनल नुसतं चित्र दाखवतं. त्याला नॅट कशाला हवं? त्या युजरची प्रॉक्सी सेटिंग बघा की आधी.

हां, एलटीएसपी २०१९ मध्ये नव्याने लिहिलं गेलं, त्यात प्रोग्राम सहसा क्लायंटवर चालतात. तिथे नॅट लागेल, कबूल.

पण सर्व्हरचंच नेट गेलं असेल तर? एका शाळेच्या लॅबला व्हेंडरने सरळ नव्या लाइनचं कोटेशन दिलं. शाळेला, राव! आतल्या नेटवर्क कार्डालाही गेटवे दिला होता, त्यामुळे डीफॉल्ट रूट भलतीकडेच. तो काढला, पानं उघडली.