फुलपाखराचा पुतळा नको, कढीपत्ता लावा!

मंडळी, धारावीला लागून, मिठीच्या काठावर सुमारे ३७ एकरांचं जंगल आहे, हे अजूनही कित्येक मुंबईकरांना खरं वाटत नाही. महाराष्ट्र निसर्ग उद्यान. एकेकाळी इथे शहराचा कचरा पडायचा. १९८३ मध्ये डॉ. सालिम अलींच्या हस्ते पहिलं झाड लागलं आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं.

गेल्या रविवारी तिथे निवांत भटकलो. मुद्दाम नऊनंतर गेलो, कारण अंगावर ऊन घेतल्याशिवाय फुलपाखरं उडत नाहीत. तांबट, शिंपी, शिंजीर दिसले, मिठीच्या बाजूला बगळे. आणि आपलं राज्य फुलपाखरू, ब्लू मॉरमॉन! २०१५ मध्ये त्याला हा मान देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य.

आता आपल्या वॉर्डातली बाग बघा. लॉन, पेव्हर ब्लॉक, रंगीत लाइट आणि सेल्फीसाठी सिमेंटचं भलंमोठं फुलपाखरू. खरं एकही नाही. येणार कुठून? फुलातला मध मोठ्या फुलपाखराला, पण अळीला पानं लागतात आणि तीही ठरावीक झाडांचीच. ब्लू मॉरमॉनची अळी लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढते, कॉमन मॉरमॉनची कढीपत्त्यावर, प्लेन टायगरची रुईवर. आपण रुई 'रान' म्हणून उपटतो आणि कढीपत्त्यावर अळी दिसली की फवारणी करतो. तांबट वठलेल्या फांदीत ढोली कोरतो. ती फांदी आपण 'स्वच्छता' म्हणून छाटतो. वर पुन्हा म्हणायचं, हल्ली पक्षी दिसत नाहीत हो!

सुशोभीकरणाला माझा विरोध नाही. ज्येष्ठांना बाकडी हवीत, पोरांना घसरगुंडी हवी. पण प्रत्येक बागेत एक कोपरा तरी मोकळ्या मातीचा ठेवा. लिंबू, कढीपत्ता, रुई, पानफुटी लावा, फवारणी बंद करा, धोका नसेल तिथे वठलेली फांदी राहू द्या. याला मोठं टेंडर लागत नाही. कदाचित म्हणूनच कुणाला सुचत नसावं!

कचऱ्याच्या ढिगावर जंगल उभं राहू शकतं, तर आपल्या बागेत एक कोपरा का नाही? पोरांना घेऊन एकदा हे उद्यान बघून या. आणि पुढच्या वेळी नगरसेवक भेटले की विचारा, "साहेब, आमच्या बागेत खरी फुलपाखरं कधी?"